माणग्याच्या बेटात

सकाळी ६.४५

बेंगळुरूत कनकपुरा रस्त्यावरच्या या निवासी शाळेच्या आवारात जानेवारीत उजाडताना चांगलाच गारठा असतो. कुंपणाच्या कडेनं माणगा बांबूची बेटं उभी आहेत. लावताना दोन रोपांत पाच मीटर अंतर ठेवलं होतं. आता दोन बेटांमधून एक माणूस जेमतेम निघतो. आज त्यांची विरळणी.

मी कुडाळकडची, त्यामुळे माणगा माझ्या घरचाच. सिंधुदुर्गात बागेच्या बांधाला आणि घराच्या मागीलदारी तो असतोच. गोव्यातून खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंत त्याचा मुलूख पसरला आहे. कानडीत त्याला मारिहाळ बिदिरु म्हणतात. काटे नाहीत, काठी जवळजवळ भरीव, उंची तीसेक फूट. इथे मल्लेश्वरममध्ये केंद्र सरकारची काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. तिनं माणग्याच्या रोपांवर आणि लागवडीवर बरंच काम केलं आहे. कोकणातला बांबू बेंगळुरूच्या लाल मातीत रुजवायचा म्हटलं तर विचारायला जवळच जागा आहे, हे माझं भाग्य.

सकाळी ७.१५

कोयता बाहेर काढण्याआधी रंगाचा डबा. कोणती काठी काढायची, ते आधी ठरवून खूण करायची. एकदा कापायला सुरुवात झाली की हात थांबत नाही, आणि चुकीची काठी परत जोडता येत नाही.

काठीचं वय ओळखता आलं पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आलेल्या काठीवर पांढरट भुकटी असते, पेरांवर कोंबाची वाळकी आवरणं अजून चिकटलेली असतात, फांद्या कमी. दुसऱ्या वर्षाची काठी हिरवीगार, नितळ. तीन वर्षांपुढची निस्तेज होते, तिच्यावर दगडफुलासारखे पांढरे-राखाडी डाग धरतात आणि कोयत्याच्या मुठीनं ठोकली तर आवाज टणक येतो. आमचे मुकादम खानापूरचे. ते डोळे मिटून नुसत्या आवाजावर वय सांगतात.

"ताई, ही चार वर्षांची. हिला लाल लावा."

कामावरच्या बायका कनकपुऱ्याकडच्या. त्यांच्याशी व्यवहार दोन शब्दांवर चालतो: हळेदु आणि होसदु. जुनी आणि नवी. जुनीला लाल पट्टा, नवीला हात लावायचा नाही.

सकाळी ८.००

आता खरं काम. बेटाला जायला वाट नसते, ती करावी लागते.

बांबू बाहेरच्या बाजूनं वाढतो. जमिनीखालचा कंद दर पावसाळ्यात थोडा पुढे सरकतो आणि नवे कोंब बेटाच्या कडेला फुटतात. जुन्या काठ्या मधोमध अडकून पडतात. कापणाऱ्याला सोपं काय? कडेची काठी. हात पोचतो, कोयता फिरवायला जागा असते. म्हणून बहुतेक ठिकाणी दरवर्षी कडेच्या कोवळ्या काठ्या जातात आणि मधला जुना गुंता तसाच राहतो. चार-पाच वर्षं असं झालं की बेट आतून वाळतं. काठ्या एकमेकींत अडकतात, वाकड्या होतात, आणि मालक म्हणतो की बांबूच वाईट.

माणग्याचं बेट तसं मोकळंढाकळं असतं, कळकासारखं काटेरी जाळं होत नाही. तरी दुर्लक्ष झालं की तेही दाटतंच. आम्ही घोड्याच्या नालेच्या आकारात शिरतो. ज्या बाजूला नवे कोंब कमी, त्या बाजूनं एक वाट फोडायची, थेट मध्यापर्यंत जायचं आणि आतून जुन्या काठ्या काढत यायचं. वरून पाहिलं तर बेट नालेसारखं दिसतं आणि उघडी बाजू पुढच्या वर्षीही उघडी राहते.

शिरण्याआधी काठीनं पाला हलवून बघायचा. या भागात घोणस आहे. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात जाड मोजे. कोंबाच्या आवरणावरची कुसं कातडीत शिरली की दिवसभर खाज सुटते.

किती काढायच्या? माझा हिशेब एकच. गेल्या पावसाळ्यात बेटाला जितक्या नव्या काठ्या आल्या, तितक्याच जुन्या यंदा काढायच्या. आठ आल्या तर आठ. म्हणजे बेटाचा आकार आहे तेवढाच राहतो, ताकद कमी होत नाही. फार दाटलेलं बेट असेल तर जास्त काढाव्या लागतात, पण तेही दोन-तीन हिवाळ्यांत वाटून.

सकाळी १०.१५

इडली, चटणी, कॉफी. पंधरा मिनिटं.

सकाळी १०.३०

काठी कुठे तोडली, यावर तिच्यामागे काय उरतं ते ठरतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर तोडायची. गाठीपासून उंच तोडली तर वरच्या पोकळ तुकड्याची वाटी होते. माणगा खालच्या बाजूला भरीव म्हणून त्यात धोका कमी, पण आवारात पिवळ्या बांबूची दोन बेटं आहेत, ती पोकळ. त्या वाटीत पाणी साचतं, बुंधा कुजतो आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच जागी अंडी घालतो. या शहरात दर पावसाळ्यात डेंग्यू असतो. निवासी शाळेत मुलं झोपतात. मी प्रत्येक खुंट स्वतः बघते.

दुपारी १२.००

आवाराचं काम बघणारे अधिकारी आले. दरवर्षी येतात आणि दरवर्षी एकच विचारतात: एवढं वाढलंय, निम्मं सरसकट कापून टाका ना? मागची भिंत फुटेल.

त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. बांबूच्या काही जातींचे कंद जमिनीखालून लांबवर धावतात, त्या खरंच आवरत नाहीत. माणगा, कळक, मानवेल या बेट करणाऱ्या जाती. त्यांचा कंद आखूड, एका वर्षात थोडंसंच सरकणारा. भिंत आठ-दहा फुटांवर असेल आणि मध्ये दोन फूट खोल चर असेल तर काळजी नाही. चर वर्षातून एकदा मोकळा करायचा, त्यात डोकावलेला कंद कुदळीनं तोडायचा.

सरसकट कापण्याबद्दल मात्र मी ठाम नाही म्हणते. कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि पुढे कधीच जाड होत नाही. ती जाडी येते कंदात साठवलेल्या अन्नातून, आणि अन्न साठवतात एक-दोन वर्षांच्या काठ्या. त्या कापल्या की पुढच्या पावसाळ्यात बोटाएवढे किडमिडे कोंब फुटतात. बेट लहान होत नाही, नुसतं झुडूप होतं, आणि जागा तेवढीच खातं.

ते ऐकून घेतात. माणूस चांगला आहे.

दुपारी १.००

जेवण. बायकांनी नाचणीचे मुद्दे आणि सारू आणलं होतं. बोलणं कोंबांकडे वळलं. बेट एखाद्या दिशेला वाढू द्यायचं नसेल तर तिकडचे कोंब पावसाळ्यात फूटभर असतानाच मोडायचे. कोयतासुद्धा लागत नाही, लाथेनं मोडतात. आकार आवरण्याचा हा सगळ्यात हलका मार्ग आणि वर भाजी मिळते. कर्नाटकात कोंबांना कळले म्हणतात. कोडगूत त्यांची आमटी तांदळाच्या भाकरीबरोबर खातात. आमच्याकडेही पावसात ही भाजी होते. चिरून पाण्यात भिजत ठेवायची, उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. कुणी घाई करून ते पाणी वापरू नये.

दुपारी २.३०

काढलेल्या काठ्या आडव्या टाकत नाही. फांद्या-पाल्यासकट झाडाला टेकवून काही दिवस उभ्या ठेवायच्या; पानं काठीतला रस ओढून घेतात. बांबूत साखर आणि पिठूळ अंश असतो, त्यासाठीच भुंगा येतो आणि काठीची पावडर करतो. थंडीत हा अंश कमी, म्हणून तोड थंडीत. मुकादम अमावास्येच्या आसपासचे दिवस धरतात. मी त्यांच्या शब्दाला मान देते. गेल्या आठवड्यात उभ्या केलेल्या काठ्या आज छाटल्या, आणि चांगल्या काठ्या बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या टाकीत गेल्या. शेंडे टोमॅटोच्या आधाराला.

दुपारी ४.००

उघड्या झालेल्या मध्यावर शेणखत आणि माती. कंद वर्षागणिक वर चढतो आणि उघडा पडतो. मातीची भर दिली नाही तर कोंब सुकतात. मुख्य भर मे महिन्यात, वळवाचा पाऊस झाला की. आज नुसती झाकली. पाणी सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्राचं. २०२४ च्या मार्चमध्ये शहरात टंचाई झाली तेव्हा पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर बंदी आली होती, ५,००० रुपये दंड होता. तेव्हाही ही बेटं हिरवी राहिली.

दोन बेटांच्या कडेच्या एक वर्षाच्या काठ्यांना सुतळी बांधून ठेवली. जूनमध्ये त्या कंदासकट काढून दुसरीकडे लावायच्या. माणग्याचं बी हाती येत नाही, त्यामुळे रोप करायचं तर कंद किंवा काठीच्या तुकड्यांपासूनच.

संध्याकाळी ५.३०

टेम्पो आला, काठ्या भरल्या. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाड म्हणून गणला जायचा, आणि आपल्या जमिनीतला बांबू हलवायलाही परवान्यासाठी खेटे घालावे लागत. नोव्हेंबर २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. शेतकऱ्यासाठी आणि आमच्यासारख्यांसाठी हा फार मोठा बदल आहे, आणि तो अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

तुमच्या दारात किंवा बांधावर बांबूचं बेट असेल तर यंदाची थंडी सरण्याआधी त्यात एकदा शिरून बघा. कडेच्या कोवळ्या काठ्या राहू द्या, मधल्या जुन्या काढा, आणि पाऊस सुरू झाला की कोयता टांगून ठेवा.