रागाच्या क्षणी समोर काय आहे?

राग गिळू नये, भडास काढून टाकावी, म्हणजे माणूस शांत होतो, या समजुतीला सर्वांत चिवट विरोध प्रयोगशाळेतून करणारा माणूस म्हणजे लिओनार्ड बर्कोविट्झ. 1926 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, काही वर्षे अमेरिकी हवाई दलासाठी संशोधन केले आणि 1955 साली मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात आल्यावर निवृत्तीपर्यंत तिथेच काम केले. माणूस का मारतो, याचे उत्तर त्यांनी केवळ माणसाच्या स्वभावात शोधले नाही. हात उगारण्याच्या क्षणी त्याच्यासमोर काय होते, हेही ते विचारत राहिले. मला त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच वाटते.

1967 साली अँथनी लपाज यांच्याबरोबर केलेला त्यांचा प्रयोग आजही वादाचा विषय आहे. त्यात विद्यापीठातले शंभर तरुण होते. जोडीदार आपल्या कामाची पारख विजेच्या सौम्य झटक्यांनी करतो आहे, असे त्यांना सांगितले होते. काहींना एकच झटका मिळाला, काहींना सात. म्हणजे काहींना मुद्दाम चिडवले गेले. मग झटके देण्याची पाळी त्यांची आली. तेव्हा टेबलावर कुणाला बंदूक आणि रिव्हॉल्व्हर पडलेले दिसे, कुणाला बॅडमिंटनच्या रॅकेट आणि फुले, तर कुणाचे टेबल रिकामे असे. चिडलेल्या तरुणांनी शस्त्रे समोर असताना सरासरी सहाच्या आसपास झटके दिले, रॅकेट समोर असताना सुमारे साडेचार. न चिडलेल्यांवर मात्र शस्त्रांचा असा परिणाम दिसला नाही. शस्त्र राग निर्माण करत नाही, पण आधीच पेटलेल्या रागाला दिशा दाखवते, असा त्याचा अर्थ. ‘चॅम्पियन’ या चित्रपटातली मुष्टियुद्धाची मारहाण दाखवून केलेल्या प्रयोगांतही हाच धागा आहे. त्यातल्या एकात, चिडवणाऱ्या सहकाऱ्याचे नाव पडद्यावर मार खाणाऱ्या अभिनेत्यासारखेच, म्हणजे कर्क, असल्याचे सांगितले की त्याला जास्त झटके बसत. मारहाण पाहून राग ओसरत नव्हता.

यावर आक्षेप आले, आणि ते किरकोळ नव्हते. टेबलावर बंदूक पाहून तरुणांनी संशोधकाच्या मनातले ओळखले आणि तसेच वागले, असे टीकाकार म्हणाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तोच निष्कर्ष निघाला नाही. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. शस्त्राच्या दर्शनाने मनात हिंसक विचार येतात, याला त्यांतून बराच आधार मिळाला. प्रत्यक्ष वागण्यावरच्या परिणामाचा पुरावा त्यामानाने कमकुवत आहे. म्हणून या एका प्रयोगावर सगळा भार टाकणे चुकीचे ठरेल. पण बर्कोविट्झ यांचे म्हणणे त्यावरच उभे नाही. वैफल्यातून आक्रमकता येते, हा येल विद्यापीठातल्या संशोधकांचा 1939 सालचा सिद्धांत त्यांनी सुधारून मांडला. वैफल्य माणसाला आक्रमक करते ते अप्रिय असते म्हणून, असे ते म्हणाले. मग वेदना, उकाडा, दुर्गंधीही तेच करू शकतात. बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून बसलेली माणसे दुसऱ्याला अधिक कठोर शिक्षा देत, आणि त्या दुसऱ्याने तर त्यांचे काहीच बिघडवलेले नसे.

मग गुन्हेगार निर्दोष ठरतो का? हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर त्यांच्याच मांडणीत आहे. पहिली उसळी आपोआप येते. त्यानंतर विचार येतो, आणि तो तिला आवरू शकतो. जबाबदारी तिथे सुरू होते. मात्र हाताशी बंदूक असेल तर विचाराला मिळणारा अवधीच संपतो. म्हणून शस्त्रे सहज हाती लागू नयेत ही मागणी माणसाला दुबळे समजणारी नाही. ती त्याला विचार करायला वेळ देणारी आहे.

बर्कोविट्झ जानेवारी 2016 मध्ये मॅडिसन इथे वारले. अमेरिकेत खासगी बंदुका किती असाव्यात, हा वाद तेव्हाही मिटला नव्हता आणि आजही मिटलेला नाही.