रॅपन्झेलचा आकडा आणि मँचेस्टरचा कापूस

राळेगावहून एका वाचक मुलीचा प्रश्न आला आहे. ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ती आपलं आपण शिकते आहे आणि त्यात तिने एक शाळकरी मुलगी उभी केली आहे. मुलगी पळते, थांबते, मागे वळून बघते. सगळं जमलंय, केस तेवढे जमत नाहीत. ‘खऱ्या केसाची जाडी, वजन, गुरुत्वाकर्षण सगळं बरोबर टाकलं, तरी ती पाण्याखाली पळतेय असं वाटतं. खरे आकडे टाकून खोटं का दिसतं?’ वडील जिनिंगमध्ये कामाला असतात, हे तिने शेवटी जाता जाता लिहिलं आहे. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच वाक्य.

आधी रुक्ष भाग उरकून टाकू. केस पाण्यात असल्यासारखे हलत असतील, तर निम्म्या वेळा दोष केसांचा नसतोच, पात्राच्या उंचीचा असतो. ब्लेंडर एक एकक म्हणजे एक मीटर धरतं आणि गुरुत्वाकर्षण ९.८१ वर ठेवतं. पडद्यावर मुलगी झोकात दिसते म्हणून आपण ती सोळा एककं उंच करून बसतो. सॉफ्टवेअरच्या लेखी ती चारमजली इमारतीएवढी होते. लंबकाचा झोका लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे लांबतो, म्हणजे दहापट मोठ्या मुलीचे केस तिपटीहून सावकाश झुलणार. गणित बिनचूक आहे, फक्त ते एका राक्षसिणीचं आहे. तेव्हा उंची दीड मीटरवर आणा आणि एका फ्रेममागे गणनेच्या पायऱ्या वाढवा. केस इतक्या झटपट थरथरतो की सेकंदाला चोवीस वेळा त्याच्याकडे बघून भागत नाही.

उंची सुधारल्यावरही केस पुरते खरे दिसणार नाहीत, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

एकच केस घेऊ. जाडी साधारण ७० मायक्रॉन, मीटरभर केसाचं वजन पाच मिलिग्रॅमच्या आसपास. त्याचा ताठपणा त्याला सरळ उभं ठेवू पाहतो, वजन त्याला खाली ओढतं. या भांडणाचा निकाल एका लांबीत सांगता येतो: ताठपणाला दर लांबीमागच्या वजनाने भागा आणि घनमूळ काढा. माणसाच्या केसासाठी उत्तर येतं चार ते पाच सेंटिमीटर. त्याहून आखूड केसावर ताठपणाची सत्ता, लांब केसावर वजनाची. न्हावी हे गणित न करता रोज वापरतो. बारीक कापलेले केस उभे राहतात, वाढले की आडवे होतात.

२०१२ साली रेमंड गोल्डस्टीन, पॅट्रिक वॉरन आणि रॉबिन बॉल या तिघांनी पोनीटेलच्या आकाराचं समीकरण मांडलं, तेव्हा केसाच्या लांबीला या लांबीने भागून येणाऱ्या आकड्याला त्यांनी परीकथेतल्या लांब केसांच्या मुलीचं नाव दिलं: रॅपन्झेल नंबर. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. त्याच वर्षी त्यांना इग नोबेलही मिळालं. वॉरन युनिलिव्हरचे, म्हणजे शाम्पूवाल्यांचे, हे कळल्यावर आणखी मजा आली.

मला मात्र हा आकडा वाचताना दुसराच एक माणूस आठवत राहतो. एफ. टी. पियर्स हे त्याचं नाव. १९३० साली त्याने एक निबंध छापला. विषय असा की कापड हातात घेतल्यावर ते कडक आहे की मऊ हे जे आपल्याला जाणवतं, ते मोजता येतं. रीत इतकी साधी की शाळेत करून दाखवावी. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू बाहेर सरकवायची. ती स्वतःच्या वजनाने लवत जाते. टेबलाच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंतची रेषा आडव्या पातळीखाली ४१.५ अंशांवर आली की थांबायचं, बाहेर आलेली लांबी मोजायची आणि तिचं अर्धं करायचं. झालं. हे अर्धं म्हणजे ‘ताठपणा भागिले वजन’ याचं घनमूळ. रॅपन्झेल नंबरच्या छेदात बसलेली लांबी हीच, फक्त ८२ वर्षं आधी आणि परीकथेशिवाय. वस्त्रोद्योगाच्या प्रयोगशाळांत ही चाचणी आजही चालते, पण पियर्सचं नाव त्या भिंतींबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. परीकथेतून नाव घ्यायला हवं होतं त्याने!

वाचक मुलीने हा प्रयोग घरी करावा. डोक्यावरचा एक सरळ केस (कुरळा चालणार नाही) चिकटपट्टीने टेबलावर लावा आणि बाहेर सरकवत न्या. आठ-नऊ सेंटिमीटर बाहेर आल्यावर तो त्या कोनापर्यंत झुकलेला दिसेल. पंखा बंद ठेवा, नाहीतर पंख्याचा वारा मोजाल.

पियर्स काम करत होता मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, ब्रिटिश कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत. इमारतीसाठी मोठी देणगी देणाऱ्या खासदाराने मुलीचं नाव लावायला सांगितलं, म्हणून शर्ली. मँचेस्टरला कापूस कुठून जायचा हे राळेगावला सांगायला नको. वर्धा नदीपलीकडचं हिंगणघाट हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची जात म्हणून चालायचं, आणि यवतमाळची शकुंतला रेल्वे अंथरली गेली ती कापसासाठीच. पियर्सच्या टेबलावर वऱ्हाडच्या कापसाची पट्टी कधी लवली असेल का, असं मनात येतं. पण तो माझ्या हौसेचा भाग झाला.

आता जिनिंगमध्ये चला. ग्रेडर रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, दोन भाग एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. दोन-चार वेळा असं झालं की तंतू समांतर होतात आणि काळ्या कापडावर धरून तो धाग्याची लांबी सांगतो. पण हे करताना त्याच्या बोटांना आणखी एक गोष्ट कळत असते: एक तंतू दुसऱ्यावरून सुटताना किती ओढ लागते. तंतूची बारीकी सांगणारा मायक्रोनेअर हा आकडाही तसाच पुंजक्यातून निघतो. लांब धाग्याच्या कापसासाठी हमीभावाच्या तक्त्यात तो ३.५ ते ४.३ असा दिलेला असतो. तो काढायला कुणी सुटा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरत नाही. ठरावीक वजनाच्या रुईच्या बोळ्यातून हवा सोडतात आणि किती अडते ते बघतात. कापसाच्या व्यवहारात मोजमाप होतं ते पुंजक्याचं.

‘खरे आकडे टाकून खोटं का दिसतं’ याचं उत्तर मला इथे सापडतं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. संगणकावर आपण हलवतो ते चार-पाचशे मार्गदर्शक केस. बाकीचे त्यांच्या मागोमाग रांगेत भरले जातात. म्हणजे पडद्यावरचा एक केस हा खरं तर दोनशे केसांची बट असतो. त्याला सुट्या केसाचं वजन आणि सुट्या केसाची जाडी दिली, की तो सुट्या केसासारखाच वागणार. सुटा केस हवेत जवळजवळ तरंगतो, कारण त्याच्या वजनाच्या मानाने हवेचा अडथळा प्रचंड असतो. बट तरंगत नाही. तिच्या आतल्या केसांपर्यंत वारा धड पोहोचतच नाही, आणि केस एकमेकांना घासून झोका लवकर शमवतात. म्हणून हवेचा अडथळा कमी करा, वजन आणि डॅम्पिंग वाढवा, आणि ‘खरा आकडा’ हा हट्ट सोडा. आकडे बटेचे हवेत, केसाचे नकोत.

ही गर्दीची बाजू संगणकात आणण्यातलं एक मोठं नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल असं आहे: सुनील हडप. जिनिव्हा विद्यापीठाच्या मीरालॅबमध्ये नादिया मॅग्नेना-थालमान यांच्यासोबत त्यांनी २००१ साली एक निबंध मांडला. तोवर बहुतेक लोक एकेका केसाला स्प्रिंगांची साखळी मानून कामाला लागायचे, आणि केस एकमेकांतून आरपार गेले तरी तिकडे काणाडोळा करायचे. एक लाख केसांची एकमेकांशी टक्कर तपासायची तर जोड्याच पाचशे कोटी होतात. हडप यांनी केस हा ताठ तुकड्यांची साखळीच ठेवला, पण केसांचा समुदाय वाहत्या द्रवासारखा मानला. दाटी झाली की दाब वाढून केस दूर सरतात, शेजारी वेगळ्या वेगाने निघाला की घर्षण त्याला मागे ओढतं. यासाठी वापरलेलं गणित मुळात १९७७ साली ताऱ्यांच्या अभ्यासासाठी जन्मलेलं. हा निबंध वाचला गेला ती परिषद भरली होती मँचेस्टरमध्येच. ब्लेंडरच्या केसांमध्ये ‘इंटर्नल फ्रिक्शन’ नावाची जी पट्टी सरकवता येते, ती याच कुळातली. पिक्सारच्या लोकांनी पुढे केसांभोवती काल्पनिक चौकटींची जाळी टाकून शेजाऱ्यांचे वेग सरासरीत आणायची रीत काढली, तिच्यावर ती चालते. ही पट्टी शून्यावर ठेवून ‘केस खरे दिसत नाहीत’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

पोनीटेलची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पळताना डोकं खाली-वर होतं, मग पोनीटेल डावी-उजवीकडे का झुलते? जोसेफ केलर या गणितज्ञाने २०१० मध्ये याचं उत्तर दिलं, आणि ते नागपंचमीला झोका चढवणाऱ्या प्रत्येक पोरीला पायांनी ठाऊक आहे. झोक्यावर उभं राहून योग्य क्षणी बसायचं, योग्य क्षणी उठायचं. हालचाल उभी, पण झोका आडवा चढत जातो. अट एकच: एका पूर्ण झोक्यात दोनदा उठबस व्हायला हवी. पळणारा माणूस मिनिटाला दीडशेच्या वर पावलं टाकतो, म्हणजे डोकं सेकंदाला अडीच वेळा उसळतं. वीतभर लांब पोनीटेलचा स्वतःचा झोका सेकंदाला सव्वा वेळा. नेमकं निम्मं! म्हणून ती हटकून आडवी झुलते, आणि कंबरेपर्यंतची वेणी त्या लयीत सापडत नाही. केलरही २०१२ च्या त्याच इग नोबेलचे वाटेकरी. आपल्या पात्राच्या पोनीटेलला डावी-उजवीकडे ढकलण्यासाठी हाताने वारा जोडणाऱ्यांनी आधी पळण्याची लय तपासावी.

कुरळ्या केसांचं प्रकरण वेगळंच. ‘ब्रेव्ह’ (२०१२) मधल्या मेरिडासाठी पिक्सारने दीड हजारांवर बटा हाताने घडवल्या आणि त्यांतून लाखावर केस उगवले. अडचण अशी की कुरळा केस मऊ ठेवला तर पळताना त्याची वेटोळी सुटून तो सरळ होतो, आणि ताठ केला तर डोक्यावर तारेचं शिरस्त्राण बसतं. त्यांनी प्रत्येक वेटोळ्याच्या मधून एक काल्पनिक गुळगुळीत रेषा काढली. लांबायला विरोध त्या रेषेने करायचा, हेलकाव्याचं काम केसाने. निसर्गात अशी रेषा कुठेच नसते. पण ती ओढल्यावरच केस खरे दिसले.

त्यामुळे नव्या खेळाच्या जाहिरातीत ‘केसांचं अस्सल भौतिकशास्त्र’ असं वाचलं की मी जरा सावध होतो. २०१३ च्या ‘टूम रेडर’मध्ये लारा क्रॉफ्टचे केस एकेक करून हलवल्याचा मोठा गाजावाजा झाला. तंत्र म्हणून ते कौतुकाचं होतंच. पण ते केस थांबता थांबत नसत. सुट्या केसांचं कसब भरपूर, गर्दीचं घर्षण तोकडं. आता हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करा असं सांगणारे आले आहेत. पण प्रशिक्षणासाठी जी हालचाल पुरवायची ती बहुधा याच गणितातून निघणार, तेव्हा पट्ट्या कुणीतरी नीट लावाव्या लागणारच.

एक पट्टी मात्र मला ब्लेंडरमध्ये सापडत नाही: हवेतल्या ओलाव्याची. जिनिव्हाच्याच सोस्यूरने १७८३ मध्ये माणसाच्या केसाने आर्द्रता मोजण्याचं यंत्र प्रसिद्ध केलं. कोरड्या हवेतून दमट हवेत गेलेला केस दोन-अडीच टक्के लांबतो, एवढ्यावर ते चालायचं आणि हवामान केंद्रांत कितीतरी काळ चाललं. कापूस खरेदीवर आठ ते बारा टक्क्यांची ओलाव्याची मर्यादा असते. केसाला मात्र कुणी विचारत नाही. राळेगावच्या मे महिन्यात कंगवा फिरवला की केस विजेने एकमेकांपासून फटकून उभे राहतात. श्रावणात तेच केस जड होऊन चिकटतात. तुमच्या मुलीची शाळा जूनमध्ये उघडत असेल, तर वजन थोडं वाढवा, इंटर्नल फ्रिक्शन बरंच वाढवा. आणि घरून तेल लावून पाठवली असेल, तर निम्म्या पट्ट्यांना हात लावायची गरजच पडणार नाही.