चिनी आजीचं मीठ

२०१० साली चीनमध्ये मुगाचे भाव भडकले. पीक कमी आलं होतं, साठेबाजांनीही हात धुऊन घेतले. पण गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, त्याचं श्रेय एका माणसाकडे जातं. झांग वूबन त्याचं नाव. खाण्याने ओढवलेले आजार खाण्यानेच परतवता येतात, असं सांगणारं त्याचं पुस्तक आधीच्या वर्षअखेरीस आलं होतं. मग हुनानच्या वाहिनीवर तो झळकला. उकळलेल्या मुगाचं पाणी, कच्चं वांगं आणि पांढरा मुळा, एवढ्यावर मधुमेह आणि रक्तदाब पळवता येतो, असं त्याचं म्हणणं. आपण सरकारमान्य वरिष्ठ पोषणतज्ज्ञ आहोत, असंही तो सांगे. मे महिन्यात आरोग्य मंत्रालयाने कळवलं, की अशी कुठलीही पदवी आम्ही दिलेली नाही. वर्तमानपत्रांनी खोदून काढलं, तर गृहस्थ मूळचे कापड गिरणीतले कामगार निघाले.

मूग घ्यायला धावलेल्यांना हसणं सोपं आहे. पण त्यांना अडाणी म्हणायला मी तयार नाही. ज्यांना आहाराविषयी काहीच ठाऊक नसतं, ते रांगेत उभे राहत नाहीत. या लोकांना मूग थंड, हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. आपल्याकडे पपई उष्ण, तशी तिकडे लिची उष्ण. खेकडा थंड, म्हणून तो आल्याबरोबर खायचा. या शहाणपणाला राजमान्यताही जुनीच. प्राचीन ‘चौली’ ग्रंथात दरबारी वैद्यांचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला मान आहारवैद्याला आहे. युआन राजवटीतल्या हू सिह्वी या आहारवैद्याने १३३० साली बादशहाला पथ्यापथ्यावरचा अख्खा ग्रंथ सादर केला. झांग वूबनने नवं काही सांगितलंच नाही. लोकांना आधीपासून पटलेलं होतं तेच ताणून त्याने रोगांपर्यंत नेलं.

चिनी म्हाताऱ्यांना आहारातलं किती कळतं, याचा शोध घेणाऱ्या संशोधकांची पंचाईत इथूनच सुरू होते. २०२३ अखेर त्या देशात साठीपुढची माणसं २९.७ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून जास्त. त्यांच्या ज्ञानाविषयीचे बरेचसे अभ्यास एकाच खाणीतून निघतात: ‘चीन आरोग्य आणि पोषण सर्वेक्षण’. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि चीनची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी १९८९ मध्ये आठ प्रांतांतून ते सुरू केलं. तीच घरं पुन्हा पुन्हा गाठायची, तीन दिवस कोणी काय खाल्लं ते टिपायचं, तेलामिठाची भांडी वजन करून पाहायची, असं हे चिवट काम. २००४ पासून त्यात ज्ञानाचे प्रश्नही आले. भरपूर ताज्या भाज्या-फळं खाणं चांगलं, भरपूर साखर खाणं चांगलं, दूध चांगलं, कडधान्यं आणि त्यांचे पदार्थ चांगले, वजन जितकं जास्त तितका माणूस निरोगी. अशी बारा विधानं वाचून दाखवायची, आणि समोरच्याने सहमत की असहमत ते सांगायचं.

आता ही विधानं एखाद्या सत्तरीच्या बाईंच्या कानांनी ऐकून पाहा. जन्म १९५० च्या दशकातला. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात त्या लहान होत्या. त्या दुष्काळात किती माणसं गेली, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात. धान्याची कुपनं १९५५ मध्ये आली आणि १९९३ मध्ये गेली. म्हणजे लग्न, बाळंतपणं, मुलांची शिक्षणं, सगळं कुपनांवर झालं. तेलाला कुपन, मांसाला कुपन. त्यांना कोणी विचारतं, वजनदार माणूस निरोगी का? त्यांनी पाहिलेल्या जगात हाडं दिसणारी माणसं मेली होती आणि अंगावर मांस असलेली टिकली होती. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर गुण कापले जाणार.

गंमत म्हणजे, म्हातारपणापुरतं हे ‘चुकीचं’ उत्तर निम्मं बरोबर आहे. चीनमध्ये प्रौढांचा देहभार निर्देशांक २४ वर गेला की वजन जास्त समजतात. पण ज्येष्ठांनी तो २० च्या खाली येऊ देऊ नये आणि २६.९ पर्यंत गेला तरी चिंता नको, असं तिथल्याच आहारतज्ज्ञांचं सांगणं. वय झाल्यावर स्नायू झडतात, भूक मंदावते, आणि तेव्हा किडकिडीतपणाच जास्त घात करतो. २०२२ च्या आहार मार्गदर्शिकेत म्हणूनच ६५ ते ७९ आणि ८० च्या पुढचे, अशा दोन वयोगटांसाठी वेगळ्या शिफारशी आल्या.

या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती १९८९ ची. १९९७ मध्ये तिला मनोऱ्याचं चित्र मिळालं: तळमजल्यावर धान्य, शेंड्यावर तेल. सर्वेक्षणात आणखी एक विधान असतं, की भात-नूडल यांसारखं मुख्य अन्न भरपूर खाणं प्रकृतीला चांगलं नाही. एकीकडे मनोऱ्याचा पायाच धान्याचा, दुसरीकडे हे विधान. ‘भरपूर’ म्हणजे किती वाट्या, हे कोणी सांगत नाही. ज्या माणसाने अर्धं आयुष्य धान्याच्या कुपनांचा हिशेब ठेवला, त्याने यावर काय म्हणावं?

दुधाची गोष्ट याहून अवघड आहे. मार्गदर्शिका दिवसाला किमान ३०० ग्रॅम दूध किंवा तितक्या दुधाचे पदार्थ सांगते. प्रत्यक्षात सरासरी चिनी माणूस त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाही. बहुतेक चिनी प्रौढांना दुधातली साखर पचत नाही, आणि पोट फुगल्याचा अनुभव कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त पटतो. त्यात २००८ साली मेलामाइनची भेसळ उघड झाली. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. त्या बाळांच्या आज्यांना ‘दूध चांगलं’ या विधानावर मत विचारणं हे धाडसच. त्यांच्याकडे टोफू मात्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. दक्षिणेत तो जिप्सम घालून घट्ट करतात, त्यामुळे त्यात कॅल्शियम उतरतं. कॅल्शियम हा शब्द कधी न ऐकलेली बाईसुद्धा ते आपसूक खात आली.

चांगलं उत्तर देता येणं आणि चांगलं खाणं यांच्यामधली दरी सगळ्यात स्पष्ट दिसते ती मिठात. चिनी माणसाच्या पोटात जाणाऱ्या सोडियमपैकी तीन चतुर्थांश घरच्या स्वयंपाकात घातलेल्या मिठातून येतं, असं गेल्या शतकाच्या अखेरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. वेष्टनातल्या खाऊवर खापर फोडायची सोय तिथे नव्हती. स्वयंपाकाचं मीठ हळूहळू उतरत १९९२ च्या माणशी दिवसाला १३.९ ग्रॅमवरून अलीकडे ९.३ वर आलं. शिफारस पाचच्या आतली आहे. मीठ जास्त वाईट, हे ठाऊक नसलेला माणूस आज शहरात शोधावा लागेल. बीजिंगने २००७ मध्ये घरोघर दोन ग्रॅमचे चमचे फुकट वाटले. पण पन्नास वर्षं अंदाजाने मीठ घालणारा हात मोजून घालायला सहजी तयार होत नाही. शिवाय सोया सॉस आणि लोणच्यातल्या भाज्यांना चमचा लागतच नाही.

शान्शी प्रांतातल्या चांग्झी शहरात संशोधकांनी वेगळी वाट धरली. २८ प्राथमिक शाळा घेतल्या, निम्म्या शाळांतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना शिक्षकांनी एक सत्रभर मिठाचं शिकवलं, आणि ते घरी जाऊन मोठ्यांना सांगायचं, असा गृहपाठ दिला. लघवीतलं सोडियम मोजून निकाल काढला: बाकीच्या शाळांच्या तुलनेत घरातल्या मोठ्यांचं मीठ दिवसाला २.९ ग्रॅमने उतरलं. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. नातवंडाने ताटावर बसून ‘खारट झालंय’ म्हटलं, की कुठली आजी दुर्लक्ष करेल? पुढे तेच शिक्षण मोबाइल ॲपमधून ५४ शाळांत दिलं गेलं. २०२२ च्या निष्कर्षात मोठ्यांची घट ०.८२ ग्रॅमवर आली होती. गावं वेगळी, मुलं लहान, म्हणून सगळा दोष ॲपच्या माथी मारता येणार नाही. तरी मुलांच्या स्वतःच्या मिठात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही त्यात नोंदलेलं आहे.

तिसऱ्या वाटेने ज्ञानाचा नादच सोडला. उत्तर चीनच्या पाच प्रांतांतली ६०० खेडी, सुमारे २१ हजार माणसं, सरासरी वय पासष्ट. सगळे एकतर पक्षाघातातून उठलेले, नाहीतर साठीपुढचे रक्तदाबवाले. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ चालू राहिलं. उरलेल्यांना असं मीठ दिलं ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं. चव जवळजवळ तीच. सरासरी पावणेपाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचं १२ टक्क्यांनी कमी झालं. नंतर ४८ वृद्धनिवासांत झालेल्या प्रयोगात दोन उपाय शेजारी शेजारी ठेवले गेले. बदललेल्या मिठाने वरचा रक्तदाब सरासरी सातने उतरला. स्वयंपाकघराला मिळणारं मीठ टप्प्याटप्प्याने कमी करायचा बेत मात्र फसला. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नये. त्यांच्या शरीरात पोटॅशियम साचतं.)

खेड्यांतल्या प्रयोगात हे मीठ फुकट दिलं गेलं. दुकानात साधं मीठ किलोला साधारण एक डॉलर आठ सेंट पडत होतं आणि हे एक डॉलर बासष्ट सेंट, म्हणजे दीडपट. शेतीवर आणि तुटपुंज्या ग्रामीण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, कुपनांच्या काळापासून पैसा मोजून खर्च करणाऱ्या जोडप्याने दुकानात यांतली कुठली पिशवी उचलावी, हे ठरवायला बारा विधानांतलं एकही उपयोगी पडत नाही.