विश्लेषण : किनाऱ्यावरच्या गावात घरकुल मंजूर होते, मग उभे का राहत नाही?

गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे वाशिष्ठीच्या मुखावरचे गाव. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला दाभोळची खाडी, वर गोपाळगड आणि शेजारी एकेकाळी देशभर गाजलेला वीजप्रकल्प. अशा गावात एखाद्या कुटुंबाचे नाव घरकुलाच्या यादीत येते, पैसेही मंजूर होतात. पण घर बांधायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर कुठल्याच यादीत नसते. परवडणाऱ्या घरांची चर्चा नेहमी मुंबई-पुण्याच्या चटईक्षेत्रावर होते. किनाऱ्यावरच्या गावांत मात्र गाडी अडते ती जमीन वापराच्या नियमांवर. हे नियम नेमके काय आहेत, ते बदलून घरे वाढतील का, याचा हा आढावा.

घरकुलासाठी मिळते किती?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, असे तिचे दर आहेत. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचे हवे. शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून साधारण ९० दिवसांची मजुरी वेगळी. राज्य सरकारने २०२५ मध्ये या अनुदानात ५० हजारांची भर घातली. त्यातील १५ हजार सौरऊर्जेसाठी आहेत. केंद्राने ही योजना २०२८-२९ पर्यंत वाढवली असून आणखी दोन कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे.

ज्याच्याकडे जागाच नाही, त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. त्यात ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मिळणारी मदत ५० हजारांवरून एक लाख रुपये झाली. थोडक्यात, पैशांची तरतूद अपुरी असली तरी आहे. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

जागा असूनही जागा नाही, असे का?

कोकणात पूर्णपणे भूमिहीन कुटुंबांपेक्षा ‘सामाईक’ जमीनवाले अधिक भेटतात. सातबारावर आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची दहा-वीस नावे असतात. त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, काहींच्या वारसांची नोंदच झालेली नाही. घरकुलासाठी जागेचा पुरावा हवा आणि सामाईक जमिनीत सहहिस्सेदारांची संमती हवी. एकाने सही अडवली की प्रस्ताव थांबला.

वाटणी करून घेणे हा त्यावरचा मार्ग. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप करता येते. शेतजमिनीच्या अशा वाटणीपत्राला लागणारे नोंदणी शुल्क राज्य सरकारने मे २०२५ मध्ये माफ केले. पण शुल्क माफ झाले तरी सह्या गोळा कराव्याच लागतात.

दुसरी अडचण तुकडेबंदी कायद्याची. १९४७ च्या या कायद्यानुसार ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे करण्यात आली. घराला लागतो एक गुंठा, मग तो विकत घ्यायचा कसा? म्हणून मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. ग्रामीण घरकुल योजनेच्या लाभार्थ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने १,००० चौरस फुटांपर्यंत जागा घेता येते. जागेच्या बाबतीत गरिबाला थेट उपयोगी पडणाऱ्या थोड्या बदलांपैकी हा एक आहे.

‘२०० मीटर’ची गंमत काय आहे?

राज्याने २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आणले. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन निवासी वापरासाठी, आवश्यक रकमा भरल्यावर, अकृषिक झाल्याचे मानले जाते. वेगळी बिनशेती परवानगी काढावी लागत नाही. हेतू स्पष्ट होता : गावठाणे वर्षानुवर्षे तेवढीच राहिली आणि कुटुंबे वाढली, तेव्हा गावाला पसरायला जागा द्यावी.

सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा नियमही २०० मीटरच सांगतो, पण उलटा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडचा २०० मीटरचा पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ आहे.

आता कागदावर दोन पट्टे आखून पाहा. एक गावठाणाभोवती, दुसरा भरतीरेषेपासून. घाटावरच्या गावात दुसरा पट्टा नसतोच. किनाऱ्यावर मात्र मच्छीमारांची वस्ती होड्या ओढायच्या जागेला लागूनच असते, त्यामुळे हे पट्टे एकमेकांवर चढतात. राज्याने दिलेली सवलत नेमकी तिथेच निष्प्रभ ठरते. कारण सीआरझेड ही १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील केंद्राची अधिसूचना आहे. राज्याचा महसूल कायदा तिच्यावर मात करू शकत नाही.

सीआरझेडचे नियम किती वेळा बदलले?

पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची, तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या बाजूने ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो. खाडीच्या बाजूने २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी ते धरले जाई. २०१९ मध्ये हे अंतर ५० मीटर झाले. खाडीकाठच्या वाड्यांसाठी हा फरक मोठा आहे.

घरांच्या दृष्टीने तीन मुद्दे महत्त्वाचे :

– २०११ च्या अधिसूचनेने १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांना घर बांधण्याची, पुन्हा बांधण्याची वाट ठेवली.

– ना विकास क्षेत्राच्या पलीकडे, पारंपरिक हक्क असलेल्या मच्छीमार वस्त्या आणि गावठाणांत घरे बांधता येतात. उंची ९ मीटरपर्यंत, तळमजला आणि वर एकच मजला.

– २०१९ च्या अधिसूचनेनुसार ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला राज्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. सीआरझेडचे नियम तपासून स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकते. २५ मीटरचे घरकुल या मर्यादेच्या कितीतरी आत आहे.

जुने घर त्याच जोत्यावर दुरुस्त करायलाही मुभा आहे, पण ते ‘अधिकृत’ असले पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीच्या मातीच्या घराला बांधकाम परवाना कोण काढत होते? अशा वेळी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या नोंदी, म्हणजे नमुना ८ चा उतारा, हाच मोठा आधार ठरतो.

घनतेची अट कोणाच्या फायद्याची?

२०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर ना विकास क्षेत्र २०० ऐवजी ५० मीटर. एक किलोमीटर किनाऱ्याचा हिशेब केला तर २०० मीटरचा पट्टा २० हेक्टरचा होतो, ५० मीटरचा ५ हेक्टरचा. म्हणजे १५ हेक्टर, सुमारे १,४८० गुंठे जमीन मोकळी होते.

ही सवलत कोकणाच्या वाट्याला किती येईल? २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची घनता होती चौरस किलोमीटरला १९७. आठ चौरस किलोमीटरच्या गावाला अट पुरी करायला १७ हजारांवर लोक लागतील. खरी मेख मोजणीत आहे. किनाऱ्यालगतची वाडी दाटीची असते, घराला घर चिकटलेले असते. पण घनता काढताना गावाचा सडा, कातळ, डोंगर, बागा असे सगळे क्षेत्र भागाकारात धरले की सरासरी खाली येते. वस्ती दाट, पण गाव कागदावर विरळ.

नकाशाचाही प्रश्न आहे. किनारा व्यवस्थापन आराखडे १:२५,००० प्रमाणाचे असतात. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीत एखाद्याचे आख्खे घर आत किंवा बाहेर जाऊ शकते. म्हणून गावपातळीचा, सर्व्हे क्रमांक दाखवणारा नकाशा पाहणे अत्यावश्यक ठरते. शिवाय २०१९ चे नियम जिल्ह्याचा नवा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

मोठ्या प्रकल्पाला जागा मिळते, मग घराला का नाही?

अंजनवेल परिसरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पासाठी १९९० च्या दशकात या भागातील जमीन घेतली गेली. ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला, नंतर फेरवाटाघाटी झाल्या, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून त्याला पुन्हा उभे करण्यात आले.

ज्या सोयींना समुद्रकिनाऱ्याशिवाय पर्यायच नाही, उदाहरणार्थ जेटी किंवा पाणी घेण्याची व्यवस्था, त्यांना सीआरझेड परवानगी देते. हे तर्काला धरून आहे. पण मच्छीमाराच्या घरालाही किनाऱ्याशिवाय पर्याय नसतो. जाळी, होडी, मासळी वाळवण्याची जागा सोडून तो डोंगरावर राहायला गेला तर धंदाच मोडतो.

मग ना विकास क्षेत्र उठवून टाकावे का?

नाही. जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर हे याच जिल्ह्याने सोसले. पाण्याजवळ पक्के घर बांधून देणे म्हणजे गरिबाला धोक्यात नेऊन ठेवणे, असेही होऊ शकते.

दुसरे कारण बाजाराचे. शेतजमीन राज्यात साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. ती बिनशेती झाली की कोणीही घेऊ शकतो. म्हणजे नियम सैल होताच घरकुलाच्या लाभार्थ्याची स्पर्धा थेट शहरातून ‘सी व्ह्यू’ बंगला शोधणाऱ्याशी सुरू होते. एक लाखाच्या जागा-अनुदानाचा त्यात टिकाव लागणे कठीण. २००१ ते २०११ दरम्यान रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या घटली. माणसे कमी झाली तरी जागा स्वस्त झाली नाही, कारण मागणी गावाबाहेरून येते.

जगातले अनुभवही दोन्ही बाजूंचे आहेत. न्यूझीलंडमधील ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या मोठ्या भागात जास्त घरे बांधायला मुभा दिली आणि बांधकाम परवाने ठळकपणे वाढले. स्वित्झर्लंडने २०१२ च्या सार्वमतानंतर पर्यटनस्थळी ‘दुसऱ्या घरां’चे प्रमाण २० टक्क्यांवर रोखले. तिथे स्थानिकांच्या घरांच्या किमती उतरल्या, पण रोजगारालाही झळ बसली, असे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसले.

नेमके काय बदलायला हवे?

राज्याच्या मे २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे. त्याचा भर शहरांवर आहे. किनाऱ्यावरच्या गावांसाठी तीन गोष्टी आकडा जाहीर करण्यापेक्षा जास्त कामाच्या ठरतील. घनता गावाची नव्हे, वस्तीची मोजावी. सवलतीने मोकळी होणारी काही जागा स्थानिक कुटुंबांसाठी आणि घरकुलासाठी राखून ठेवावी. आणि ज्यांची घरे धोक्याच्या पट्ट्यात आहेत त्यांना किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ना विकास क्षेत्राबाहेर, गावठाण वाढवून जागा द्यावी.

तोवर घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबाने पाया खणण्याआधी सातबारा, नमुना ८, गावठाणाची हद्द आणि सीआरझेडचा गावनकाशा हे चारही कागद शेजारी ठेवून पाहावेत. पहिला हप्ता खात्यात आल्यावर जागा बाद ठरणे हा सर्वांत महाग धडा असतो.