गिटारसाठी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर : भाग कुठे बसवावेत?

सर्किट अचूक जोडूनही घरी बांधलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो. असे का? गिटारचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका क्षीण आणि शेजारीच फिलॅमेंट तापवणारी ६.३ व्होल्टची एसी. कागदावरच्या आकृतीत तारांमधले अंतर दिसतच नाही!

भाग थेट व्हॉल्व्हच्या सॉकेटला डाग देऊन जोडले तर तारा वाचतात, पण दुरुस्ती जिकिरीची होते. नवख्याने अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘चॅम्प’ची पद्धत घ्यावी. त्यात व्हॉल्व्ह तीनच, आणि सुटे भाग एका फायबरच्या पट्टीवर. सिग्नलच्या क्रमाने भाग मांडा, पहिल्या ग्रिडची तार आखूड ठेवा, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या टोकाला. फिलॅमेंटच्या दोन तारांना पीळ द्या; त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना बव्हंशी रद्द करतात.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. हात घालण्यापूर्वी ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने तपासावेत.