माथ्यावरचा जमाखर्च

चेंबूरकडून माहुलच्या दिशेने जाताना, 1950 च्या दशकाच्या मध्यास तेथे उभ्या राहिलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचे उंच पोलादी स्तंभ दृष्टीस पडतात. पाहणाऱ्याची नजर साहजिकच पायथ्यापासून वर चढत जाते आणि माथ्यापाशी विसावते, कारण त्यापुढे पाहण्याजोगे काही असेल असे कोणास वाटतच नाही. माथ्यातून निघालेली एक जाड नळी वळसा घेऊन स्तंभाच्या अंगाने खाली उतरते, एवढेच काय ते दिसते. परंतु त्या नळीच्या वाटेवर जी चार-सहा उपकरणे मांडलेली असतात, त्यांच्यावर सबंध स्तंभाचे स्वास्थ्य अवलंबून असते. आणि अशा स्तंभाची हलती, काळाबरोबर बदलणारी प्रतिकृती संगणकावर उभी करण्यास जो अभियंता बसतो, त्याचे निम्म्याहून अधिक श्रम या माथ्यावरच्या संसारातच खर्ची पडतात.

ऊर्ध्वपातन ही क्रिया आपणास अपरिचित नाही. साखर कारखान्याच्या शेजारी मळीपासून मद्यार्क करणारी डिस्टिलरी ज्याने पाहिली आहे, त्याने तिचे दर्शन घेतलेलेच आहे. मिश्रण उकळले म्हणजे जो घटक अधिक उडता, तो वाफेत अधिक प्रमाणात जातो. ही वाफ स्तंभातून वर चढताना एकावर एक रचलेल्या ट्रेंवरील द्रवातून बुडबुडत जाते आणि प्रत्येक ट्रेवर जड घटक थोडा मागे ठेवून थोडी अधिक शुद्ध होते. माथ्यावर पोहोचलेली वाफ कंडेन्सरमध्ये पाण्याने थंड होऊन द्रव बनते, तो द्रव ड्रममध्ये साठतो, आणि पंप त्यातील काही भाग माल म्हणून बाहेर धाडून उरलेला स्तंभाच्या माथ्यावर परत सोडतो. या परतीच्या द्रवास कारखान्यातील लोक रिफ्लक्स म्हणतात. तो नसेल तर ट्रे कोरडे पडतील, आणि वर चढणाऱ्या वाफेला शुद्ध करणारे कोणीच उरणार नाही.

या साऱ्याचे गणित करण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार स्थिर अवस्थेचा. त्यात जितकी आवक तितकी जावक असे गृहीत धरून तोंडमिळवणी केली की काम संपते. शिल्लक किती हा प्रश्नच उपस्थित होत नाही, कारण शिल्लक बदलत नाही हेच मुळी गृहीतक आहे. मॅकेब आणि थील यांनी 1925 मध्ये कागदावर पायऱ्या काढून ट्रेंची संख्या ठरविण्याची जी सुबक रीत दिली, ती याच जातीची, आणि आजचे बहुतेक आराखडे याच हिशेबावर उभे असतात. दुसरा प्रकार गतिमान अवस्थेचा, म्हणजे खरोखर रोजकीर्दीचा. आवक वजा जावक बरोबर शिल्लकेतील वाढ, हे एकच समीकरण प्रत्येक ट्रेसाठी, प्रत्येक भांड्यासाठी, वस्तुमानाचे वेगळे, उष्णतेचे वेगळे, घटकांचे वेगळे असे क्षणाक्षणाला मांडत जावयाचे. प्रचारात असलेल्या एका संगणकप्रणालीत हा क्षण अर्ध्या सेकंदाचा धरण्याची वहिवाट आहे. दाब आणि प्रवाह यांचा हिशेब प्रत्येक क्षणी, उष्णतेचा दर दुसऱ्या क्षणी, आणि घटकांच्या प्रमाणाचा दर दहाव्या क्षणी होतो. रोकड रोज मोजावी आणि गोदामातील माल आठवड्याने, असा जुन्या पेढीवरचा रिवाज असे, तसाच हा व्यवहार आहे; जे चटकन बदलते ते वारंवार मोजावे आणि जे सावकाश बदलते त्यासाठी वृथा शाई खर्चू नये.

स्थिर अवस्थेच्या आराखड्यात माथ्यावर केवळ एक लहानसे वर्तुळ काढलेले असते. त्या वर्तुळात कंडेन्सर, ड्रम, पंप हे सगळे एकत्र कोंबलेले असून त्यास फक्त दोन हुकूम सोडावयाचे असतात: दाब इतका ठेव आणि रिफ्लक्स इतका दे. वर्तुळ निमूटपणे हुकूम पाळते. प्रत्यक्षात मात्र दाब हा कोणाच्या हुकुमाने ठरत नसून तो परिणामरूपाने उद्भवतो. खालून वाफ येण्याचा वेग आणि कंडेन्सरमध्ये तिचे द्रव होण्याचा वेग यांत जी तफावत पडेल, ती माथ्यावरच्या वाफेच्या साठ्यात जमा होते किंवा त्यातून वजा होते. आणि हा साठा वजनाने इतका अल्प असतो की काही सेकंदांची तफावतही दाबाच्या काट्यावर उमटते. म्हणून गतिमान प्रतिकृती करणाऱ्याने पहिली गोष्ट करावयाची ती ही की, ते आज्ञाधारक वर्तुळ पुसून टाकून त्याच्या जागी खरा कंडेन्सर मांडावयाचा. त्याच्या नळ्यांचे क्षेत्रफळ, पाण्याचे तपमान, पाण्याचा ओघ आणि धातूच्या वजनात साठणारी उष्णता ही सर्व माहिती द्यावयाची, आणि दाब काय होतो ते पाहत बसावयाचे.

त्यापुढे येतात त्या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी: ड्रमचे घनफळ, नळ्यांचा व्यास व लांबी, व्हॉल्व्हचा आकार, पंपाचा वक्र. प्रवाह हा येथे आपण लिहून द्यावयाचा आकडा राहत नाही. व्हॉल्व्हच्या दोन्ही अंगांच्या दाबांतील अंतर आणि द्रवाची घनता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर तो ठरतो. कारखान्याच्या वेशीवरचे दाब तेवढे बाहेरून द्यावयाचे. आतील कारभारात हस्तक्षेप करण्याचा अधिकार प्रतिकृतीकाराने स्वखुशीने सोडून द्यावयाचा. हा त्याग नवशिक्यास फार जड जातो. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रतिकृतीत ड्रमची पातळी राखणाऱ्या नियंत्रकाची दिशा मी उलटी दिली होती, त्यामुळे पातळी वाढली की तो व्हॉल्व्ह अधिकच मिटून घेई. ड्रम भरला, कंडेन्सर बुडाला, दाब चढला, आणि गणित कोसळले असा शेरा पडद्यावर उमटला. गणित मुळीच कोसळले नव्हते. मी दिलेल्या आज्ञेचे फळ त्याने प्रामाणिकपणे माझ्या पदरात घातले होते.

उंची या बाबीबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण तिचा विसर फार सहज पडतो. प्रोपेन वेगळा काढणारा एक स्तंभ घ्या. साध्या पाण्याने प्रोपेनचे द्रवीकरण करावयाचे तर माथ्यावरचा दाब पंधरा-सतरा बारच्या आसपास ठेवावा लागतो. अवजड कंडेन्सर उंच मचाणावर चढविणे खर्चाचे आणि दुरुस्तीस अडचणीचे असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी तो जमिनीलगत बसवितात आणि ड्रम त्याच्यावर तीनेक मीटरवर ठेवितात. मग द्रव खालून वर कसा जावा? माथ्यावरच्या गरम वाफेची एक धाकटी नळी कंडेन्सरला वगळून थेट ड्रमच्या वाफेच्या भागात सोडलेली असते आणि तिच्यावर एक व्हॉल्व्ह असतो. तो आवळला की ड्रममधील दाब कंडेन्सरमधील दाबापेक्षा किंचित उतरतो आणि द्रव वर ढकलला जातो. कंडेन्सरच्या नळ्या उघड्या पडतात, द्रवीकरण वाढते आणि स्तंभाचा दाब खाली येतो. व्हॉल्व्ह सैल केला की याच्या उलट: द्रव कंडेन्सरमध्येच तुंबतो, नळ्या बुडतात, वाफेला थंड पृष्ठभाग कमी मिळतो, दाब वाढतो. तीन मीटर उंचीच्या द्रव प्रोपेनचा भार किती, तर एका बारचा सुमारे सातवा हिस्सा. म्हणजे पंधरा-सतरा बारच्या या सरंजामाचा बंदोबस्त त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या अंतरावर चालतो. प्रतिकृतीत ड्रम आणि कंडेन्सर एकाच पातळीवर काढले, तर ही युक्ती नाहीशीच होते आणि व्हॉल्व्ह निव्वळ शोभेचा उरतो.

याच ठिकाणी आणखी एक सापळा आहे. ड्रममधील वाफ आणि द्रव यांच्यात पूर्ण समतोल आहे असे बहुतेक प्रणाली आपणहून मानतात. तसे मानले की कंडेन्सरमधून आलेला थंड द्रव गरम वाफ तत्काळ गिळून टाकतो आणि ड्रमचा दाब ढासळतो. खऱ्या ड्रममध्ये द्रवाच्या पृष्ठभागी गरम, संथ असा पातळ थर तयार होतो, खालचा द्रव थंडच राहतो, आणि तो थरच वाफेला आवरून धरतो. म्हणून प्रतिकृतीत वाफ आणि द्रव यांच्या परस्परमिलनाची क्षमता मुद्दाम कमी करावी लागते. गणिताला निसर्गाच्या जवळ नेण्यासाठी त्याच्या परिपूर्णतेला बाध आणावा लागतो, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून मौजेची वाटत आली आहे. प्रत्यक्षातही थंड द्रवाची नळी पातळीखाली न उतरविता वाफेच्या भागात सोडली, तर तो थर विसकटतो आणि दाब आवरेनासा होतो. तेव्हा प्रणालीची चूक आणि नळ्या जोडणाऱ्याची चूक अखेर एकाच जागी येऊन भेटतात.

माथ्यावरच्या नळीचा एवढा बारकाईने विचार कशासाठी, असे विचारणाऱ्यास 23 मार्च 2005 या दिवसाची हकीकत सांगावी लागते. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपीच्या शुद्धीकरण कारखान्यात सुमारे 52 मीटर उंचीचा एक स्तंभ पुन्हा चालू करण्यात येत होता. द्रव आत येत होता, परंतु तीन तासांहून अधिक काळ बाहेर पडण्याची वाट बंद होती. आणि पातळी दाखविणाऱ्या उपकरणाची नजर पायथ्याच्या थोड्याशा भागापुरतीच असल्यामुळे स्तंभ गळ्यापर्यंत भरत आला आहे हे नियंत्रणकक्षातील कोणास कळले नाही. तापलेल्या मिश्रणाने फुगून अखेर माथा ओलांडला आणि केवळ वाफेसाठी असलेली ती जाड नळी द्रवाने भरू लागली. सुरक्षा-व्हॉल्व्ह त्या नळीच्या तळाशी, माथ्यापासून सुमारे 45 मीटर खाली होते. हलक्या पेट्रोलसारख्या द्रवाचा 45 मीटरचा उभा लोट म्हणजे जवळजवळ तीन बारचा भार, आणि ते व्हॉल्व्ह उघडण्याचा दाबही त्याच सुमाराचा. स्तंभात वाफेचा दाब अवाजवी वाढलेला नसताही निव्वळ द्रवाच्या वजनाने ते उघडले, सहा मिनिटे उघडे राहिले, आणि बाहेर पडलेला द्रव एका जुन्या ड्रमच्या उघड्या धुराड्यातून कारंज्यासारखा उसळला. पुढच्या स्फोटात 15 माणसे मृत्युमुखी पडली आणि 180 जखमी झाली. ज्या प्रतिकृतीत माथ्यावरची नळी ही दोन उपकरणांना जोडणारी नुसती रेघ आहे, तिला या दुर्घटनेची कल्पनाही करता येणार नाही, कारण रेघेला उंची नसते आणि वजनही नसते.

अशा प्रतिकृतीचा दुसरा उपयोग सुरक्षेच्या खर्चाशी निगडित आहे. वीज गेली, थंड पाणी थांबले, तर एकेका स्तंभातून किती वाफ सुटेल याचा जुना हिशेब प्रत्येकाचा कमाल आकडा घेऊन बेरीज करण्याचा. परंतु पाणी थांबताच सारे एकदम घडत नाही. कंडेन्सरमध्ये उरलेले पाणी आणि धातू काही काळ उष्णता शोषतात. वेगळ्या विजेवर चालणारा पंप ड्रम रिकामा होईपर्यंत रिफ्लक्स पुरवीत राहतो. ट्रेंवरचा द्रव एकामागून एक खाली उतरतो. एका स्तंभाचा परमोच्च क्षण दुसऱ्याच्या आधी येतो, तिसऱ्याचा बराच मागाहून. सर्वांचे आकडे एकाच क्षणी जमा धरून, सुटलेली वाफ जाळणाऱ्या फ्लेअरची चिमणी बांधणे म्हणजे गावातील प्रत्येक घरचे लग्न एकाच मुहूर्तावर आहे असे समजून मंडप घालण्यासारखे आहे. अर्थात या युक्तिवादाचा आधार घेऊन चिमणी बारीक करू पाहणाऱ्याने ड्रमचे घनफळ आणि नळ्यांचे नकाशे स्वतः ताडून पाहिलेले असावेत. विक्रेत्याच्या कागदावरील आकड्यावर एवढी मदार ठेवणे मला धाडसाचे वाटते.

पाणी थांबविण्याची ही परीक्षा प्रतिकृतीवर पार पाडून, पाच मिनिटांनी पाणी पुन्हा चालू करून पाहावे. दाब थोडेसे हेलकावे खाऊन लवकरच आपल्या जागी परततो, ड्रमची पातळी पाऊण तासात सावरते, पडद्यावरचे लाल दिवे विझतात, आणि नवखा कामगार सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु घटकांच्या प्रमाणाची रेघ तेव्हा कुठे वळू लागलेली असते. माथ्यावर परतलेला शुद्ध द्रव प्रत्येक ट्रेचा बांध ओलांडून, तेथील जुन्या मिश्रणात मिसळून, त्याला हळूहळू बदलीत खाली जातो. चाळीस ट्रेंच्या स्तंभात ही फेरी अनेकदा व्हावी लागते. तोवर निघणारा माल चांगल्या टाकीत न सोडता वेगळ्या टाकीकडे वळवावा लागतो, आणि तो व्हॉल्व्ह परत केव्हा फिरवावयाचा हे दाबाच्या काट्यावरून नव्हे, तर प्रयोगशाळेतून येणाऱ्या नमुन्याच्या चिठ्ठीवरून, बहुधा पुढच्या पाळीत, ठरते.