कामगारांच्या वतीने बोलायचं कुणी?

एका गिरणीत पाच हजार माणसं राबत असली, तर पगारवाढीची बोलणी करायला मालकासमोर पाच हजार जण बसू शकत नाहीत. सगळ्यांच्या वतीने कुणीतरी बसतं. तो कुणीतरी कोण, हे ठरवायचं कसं, यावर मुंबईच्या कापडधंद्यात बरंच काही घडलं आणि बिघडलं.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनला दिलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टीही मिळाली. पण लोखंडे यांच्या संघटनेला ना वर्गणी होती, ना लेखी नियम. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सात जणांनाही युनियन नोंदवता येऊ लागली. मात्र नोंदणी झाली म्हणून मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. त्यासाठी ताकद दाखवावी लागे. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियनच्या काळात झालेला संप सहा महिने चालला.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, म्हणजे कामगारांच्या बोलीतल्या ‘बीआयआर’ने, ‘प्रातिनिधिक युनियन’ आणली. तिच्यासाठी पुढे २५ टक्के सभासदांची अट आली. हे सभासद मतदानाने नव्हे, वर्गणीच्या पावत्यांवरून मोजायचे. शिवाय मोजणी एकेका गिरणीची नव्हे, तर मुंबईतल्या सबंध कापडधंद्याची. एकदा मान्यता मिळाली, की त्या युनियनने केलेला करार सभासद नसलेल्यांनाही लागू. मागणी असेल तर आधी बदलाची नोटीस, मग वाटाघाटी, मग समेट, शेवटी औद्योगिक न्यायालय. हा रस्ता सोडून केलेला संप बेकायदा.

यात सोय होती. अनेक युनियनांच्या चढाओढीत मालकाचं फावत नसे आणि साऱ्या शहरासाठी एकच करार होई. अडचणही तिथेच होती. एखाद्या गिरणीतले सगळे कामगार नाराज झाले, तरी शहराच्या हिशेबात ते थोडेच. दुसऱ्या युनियनला जागा घ्यायची तर तिला गिरणी-गिरणीतून पावत्या गोळा कराव्या लागत. पगार वाटतात तिथे वर्गणी घेण्याची कायदेशीर मुभा मात्र आधीच मान्यता असलेल्या युनियनला.

ही मान्यता काँग्रेसच्या गोटातल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष उसळला, तेव्हा कामगार संघाबाहेरचे कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणं यांबरोबरच बीआयआर रद्द करा, हीही मागणी होती. फाटकाबाहेर कामगार सामंतांच्या मागे होते, पण कायद्याच्या लेखी बोलण्याचा हक्क संघाचाच राहिला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो जण कामावर परतू शकले नाहीत.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मोजणी त्या-त्या आस्थापनेपुरती केली. अनेक युनियना असतील, तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, तिने वाटाघाटी करायच्या. तेवढं बळ कुणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के कामगार पाठीशी असलेल्या युनियनांची परिषद बसते. कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हे आजही मोजणीवरच ठरतं. फरक इतकाच, की आता ती मोजणी कामगाराच्या स्वतःच्या फाटकाच्या आत होते.